सात दिवसांचें घर

एखाद्या गृहस्थानें नवें घर बांधून पुरें केलें, भिंतींना रंग दिला, कोठी धान्यानें भरली, आणि त्याच आठवड्यांत बायकामुलांना सांगितलें कीं, "चला, आतां सात दिवस आपल्याला अंगणांतल्या मांडवांत राहावयाचें आहे," तर शेजारीपाजारी काय म्हणतील? गृहस्थाचें डोकें ठिकाणावर नाहीं, असेंच म्हणतील. परंतु या जगांत एक समाज असा आहे कीं, जो दोन हजारांहून अधिक वर्षें शरद ऋतूंत दरवर्षीं नेमकें हेंच करीत आला आहे. तो समाज म्हणजे यहुदी समाज, आणि तो सण म्हणजे सुक्कोत. हिब्रू भाषेंत 'सुक्का' म्हणजे मांडव किंवा खोपट, आणि 'सुक्कोत' हें त्याचें अनेकवचन. म्हणून आपण याला मांडवांचा सण म्हणूं. घराविषयीं आणि घरांतल्या सुखसोयींविषयीं हा सण आपल्याला काय शिकवितो, तें आज मला तुमच्यापुढें मांडावयाचें आहे. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. शालान्त परीक्षेपुरतें शिकून उभा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेला एक साधा शिक्षक आहें. तेव्हां विद्वत्तेची अपेक्षा न ठेवतां घरच्या गोष्टीप्रमाणें हें ऐकावें, अशी विनंति आहे.

हा सण यहुदी पंचांगांतील तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीस, म्हणजे पौर्णिमेस सुरू होतो. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच चंद्रावर चालतात आणि अधिक महिना धरून ऋतूंशीं मेळ राखतात. त्यामुळें सुक्कोतची पहिली रात्र ही पुष्कळदां आपल्या कोजागिरीचीच रात्र असते. कधीं ती महिनाभर आधींच्या पौर्णिमेस येते. इ. स. २०२५ मध्यें ६ ऑक्टोबरच्या रात्रीं आपण गच्चीवर मसाल्याचें दूध घेत होतों, त्याच चांदण्यांत यहुदी कुटुंबें आपापल्या मांडवांत जेवावयास बसलीं होतीं. ज्या भूमींत हा सण जन्मला, तेथें या सुमारास उन्हाळा सरतो. खळ्यांतलें धान्य आणि मळ्यांतलीं द्राक्षें घरीं आलेलीं असतात, आणि लौकरच पहिल्या पावसाची वेळ होते. म्हणून हा सुगीचाही सण आहे. पांचच दिवस आधीं प्रायश्चित्ताचा कडक उपवास झालेला असतो; त्यानंतर हे आनंदाचे दिवस येतात.

पण या आनंदाचें मूळ कशांत आहे, तें पाहा. यहुदी धर्मग्रंथांत लेवीय या नांवाचें एक पुस्तक आहे. त्यांत या सणाचें कारण दिलें आहे तें असें कीं, मिसर देशाच्या दास्यांतून सुटल्यावर आपले पूर्वज रानांत खोपटांत राहिले, हें पुढच्या पिढ्यांना कळावें. चाळीस वर्षें त्या लोकांना घर नव्हतें. बहुतेक सण विजयाची, जन्माची किंवा राज्यप्राप्तीची आठवण ठेवतात. हा सण बेघर असल्याची आठवण ठेवतो. आणि तीही कोणत्या वेळीं? तर कोठी भरलेली असतांना!

याविषयीं जुन्या यहुदी पंडितांनाही एक शंका आली होती. मिसर देशांतून सुटका झाली ती वसंत ऋतूंत. मग मांडवांत राहावयाचें तें शरद ऋतूंत कां? चौदाव्या शतकांत स्पेनमध्यें याकोब बेन आशेर नांवाचा मोठा धर्मशास्त्रकार होऊन गेला. त्यानें याचें उत्तर मोठें मार्मिक दिलें आहे. तो म्हणतो कीं, उन्हाळ्याच्या तोंडीं कोणीही थंडाव्यासाठीं बाहेर सावली करून बसतो. त्यांत धर्माचें काय दिसणार? परंतु थंडी-पावसाचे दिवस जवळ आले आणि सर्व माणसें बाहेरून घरांत जाऊं लागलीं, कीं त्या वेळीं जो घरांतून बाहेर येतो, तो आज्ञेसाठीं आला आहे हें स्पष्ट दिसतें. सोईसाठीं घेतलेली हवा वेगळी आणि समजून-उमजून सोडलेली सोय वेगळी, हा भेद यांत आहे.

आतां हा मांडव कसा असावा, याचे नियम ऐका. मिश्ना आणि तालमूद या ग्रंथांत त्यांची फार बारकाईनें चर्चा केलेली आहे. मांडवाच्या भिंती कशाच्याही चालतात; लांकडाच्या, विटांच्या, कापडाच्या, किंबहुना लोखंडाच्या केल्या तरी हरकत नाहीं. परंतु छप्पर मात्र जमिनींतून उगवलेल्या आणि तोडून आणलेल्या फांद्यापानांचेंच असलें पाहिजे. पत्रा नको, कौल नको, कापड नको. झाडाखालीं किंवा घराच्या छपराखालीं मांडव घातला तर तो चालत नाहीं. त्याच्यावर मोकळें आकाशच पाहिजे. दिवसा आंत उन्हापेक्षां सावली अधिक असावी, पण रात्रीं पानांमधून तारे दिसावेत. उंची दहा मुठींहून कमी नसावी आणि वीस हातांहून अधिक नसावी. वीस हातांहून अधिक कां नसावी? याचें एक कारण असें दिलें आहे कीं, छप्पर फार उंच गेलें तर बसलेल्या माणसाची दृष्टि तेथवर जात नाहीं, आणि आपण मांडवांत बसलों आहों याचें त्याला भानच राहत नाहीं.

श्रोतेहो, हे नियम मीं प्रथम वाचले तेव्हां शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं स्वतःला प्रश्न केला, 'भिंतींना एवढी मोकळीक आणि छपराला एवढा निर्बंध, हें कां?' मला सुचलें तें उत्तर असें. मनुष्यानें आपल्या बाजूंनीं हव्या तेवढ्या भिंती उभाराव्यात. चोर, वारा, परकी नजर यांपासून जपावें. त्याला ना नाहीं. परंतु आपल्या डोक्यावर जें आहे तें आपल्या हातचें नाहीं, हें त्यानें विसरूं नये. नोकरी, आरोग्य, जवळचीं माणसें, हें सारें पानांचें छप्पर आहे. बाकीचें वर्षभर आपण पक्क्या छपराखालीं बसून तें विसरतों. हा सण सात रात्री तें डोळ्यांपुढें धरतो.

कोणी म्हणेल, 'म्हणजे हा वैराग्याचाच उपदेश झाला!' पण तसें नाहीं, आणि या सणाची खरी गोडी येथेंच आहे. तालमूदमध्यें सांगितलें आहे कीं, घरांत उत्तम भांडीं असतील तर तीं मांडवांत न्यावींत, उत्तम बिछाना असेल तर तोही न्यावा. जेवणही चांगलें करावें. पाऊस इतका आला कीं, ताटांतलें अन्न नासेल, तर खुशाल उठून घरांत जावें. ज्याला मांडवांत राहून खरोखर त्रास होतो, तो या नियमांतून मोकळा आहे. अंगाला क्लेश देणें हा या सणाचा हेतुच नव्हे. सुखाच्या वस्तु वाईट, असें तो म्हणत नाहीं. त्या वस्तु बाहेर मोकळ्या आभाळाखालीं नेऊन पाहा, एवढेंच तो म्हणतो. तेथें त्या अधिक सुंदर दिसतात, आणि त्या आपल्या किती थोड्या आहेत तेंही दिसतें.

ही माहिती मला पुस्तकांतून मिळाली ती फार उशीरां. परंतु हा सण मीं पाहिला तो मात्र लहानपणीं, आपल्याच कोंकणांत. आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक असेल कीं, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या गांवांत बेने इस्रायल नांवाचे यहुदी लोक शतकानुशतकें राहत आले आहेत. त्यांची मातृभाषा मराठी, आडनांवें गांवांवरून पडलेलीं, आणि बायकांचा वेष लुगड्याचा. त्यांच्या परंपरेप्रमाणें, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. जवळचें सर्व कांहीं समुद्रानें घेतलें. पुढें त्यांनीं तेलाचा घाणा धरला. पण शनिवारीं घाणा बंद ठेवण्याचा नेम सोडला नाहीं, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणूं लागले. तिश्री महिन्यांत खिरीचा सण करण्याची चाल त्यांच्यांत जुनी होती. पुढें इतर देशांतल्या यहुद्यांशीं संबंध वाढला तसा मांडवाचा सणही ते रीतसर पाळूं लागले. इ. स. १७९६ मध्यें मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. सर्वस्व बुडाल्याच्या आठवणीपासून ज्या समाजाचा इतिहास सुरू होतो, त्याला मांडवाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नसेल.

आमच्या शेजारीं असें एक कुटुंब होतें. इ. स. १९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हां आठ-नऊ वर्षांचा होतों. घरांतल्या वृद्ध गृहस्थांना आम्ही मुलें बाबा म्हणत असूं. ऑक्टोबरचें ऊन तापूं लागलें कीं, बाबा अंगणांत चार बांबू रोवीत, वर नारळीच्या झांवळ्या टाकीत, आणि त्यांना केळीं, डाळिंबें, भाताच्या लोंब्या टांगीत. खालीं सारवलेली जमीन. रात्रीं कंदील लावून घरचीं सर्व माणसें तेथें जेवीत: तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसांतलें कालवण. त्यांचें घर आमच्या घरापेक्षां किती तरी चांगलें होतें. एकदां मीं त्यांना विचारलें, "बाबा, एवढें मोठें घर असून तुम्ही बाहेर कां जेवतां?" बाबा हंसले आणि म्हणाले, "अरे, हें घर माझें, असें मी वर्षभर म्हणतों. तें माझ्यावांचूनही उभें राहतें, हें वर्षांतून सात दिवस बाहेर बसून बघतों."

त्या वेळीं मला त्यांतलें कांहीं समजलें नाहीं. मी डाळिंबाकडे पाहत होतों. आज तें वाक्य आठवतें याला कारण घडलें आहे, आणि तें सांगतांना मला थोडी लाज वाटते.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर, मिळालेल्या पैशांतून मीं एक घर बांधलें. सगळें आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेलें. त्यामुळें या घराचा मला फार अभिमान होता. खिडक्यांच्या गजांपासून नळाच्या तोट्यांपर्यंत प्रत्येक वस्तु मीं स्वतः निवडली होती. फरशी तर अशी कीं, तींत तोंड दिसावें. येईल त्याला मी घर दाखवीत असें, आणि तो निघून गेला कीं, कोठें डाग पडला काय तें पाहत असें. अशांत एका पावसाळ्यांत माझ्या वहिनी आल्या. आमची आई लौकर गेली. थोरल्या बंधूंच्या या पत्नीनेंच मला वाढविलें. बंधु वारल्यावर त्या गांवींच राहत होत्या. एस. टी. च्या थांब्यापासून भर पावसांत चालत आल्या. दार उघडलें तेव्हां त्यांचे पाय चिखलानें भरलेले होते. मीं आधीं फरशीकडे पाहिलें आणि मग त्यांच्या तोंडाकडे. क्षणभराचीच गोष्ट, मी तोंडानें एक शब्दही बोललों नाहीं. परंतु वहिनींनीं तें पाहिलें. त्या उंबऱ्यावरच थांबल्या, पदरानें पाय पुसले, आणि मग आंत आल्या. दोन दिवस राहिल्या, घराचें कौतुक केलें, आणि गेल्या. त्यानंतर दोन वर्षें त्या आल्या नाहींत. बोलावलें कीं, गुडघे दुखतात म्हणून कळवीत.

श्रोतेहो, त्या दोन वर्षांत मला बाबांचें बोलणें कितीदां तरी आठवलें. घर माणसांसाठीं असतें, हें कोणाला ठाऊक नाहीं? मीं तर वर्गांत मुलांना निबंधही लिहावयास सांगितले असतील. पण ठाऊक असणें आणि दार उघडतांच दृष्टि योग्य ठिकाणीं जाणें, यांत मोठें अंतर आहे. तें अंतर उपदेशानें तुटत नाहीं, संवयीनें तुटतें. मांडवाचा सण ही तशी संवय आहे. तेथें फरशी नाहीं. असते ती माती. तेथें कोणाचे पाय ओले आहेत, हें पाहण्याचें कारण उरत नाहीं. कंदिलाच्या उजेडांत दिसतात तीं भोंवतीं बसलेल्या माणसांचीं तोंडें. भिंती, कपाटें, रंग हें सगळें बाजूला काढल्यावर जें शिल्लक राहतें, तेंच घर, बाकीची इमारत. सात दिवस ही वजाबाकी करून मनुष्य आठव्या दिवसानंतर घरांत परततो तो पाहुण्याच्या नम्रतेनें परततो, आणि पाहुण्याला घर अधिक सुखाचें वाटतें असा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

येथें एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. आपल्या शहरांत असंख्य कुटुंबें अशा छपराखालीं राहतात कीं, ज्यांतून सात रात्री नव्हे, तर बाराही महिने तारे दिसतात आणि पाऊसही गळतो. त्यांना खोपटाचा महिमा सांगणें ही क्रूर थट्टा होईल. आक्षेप खरा आहे. परंतु हा सण त्यांना बोलत नाहीं. तो बोलतो तो कोठी भरलेल्याला. आणि त्याला तो केवळ बाहेर बसावयास सांगून थांबत नाहीं. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद या सात पूर्वजांना मांडवांत पाहुणे म्हणून बोलावण्याची एक सुंदर चाल या लोकांत आहे. पण या पाहुण्यांच्या वाट्याचें अन्न गरिबांच्या पोटांत गेलें पाहिजे, असें तिचें मर्म सांगतात. मैमोनिडीस हा बाराव्या शतकांतला थोर यहुदी तत्त्वज्ञ आणि वैद्य. स्पेनमध्यें जन्मून तो इ. स. १२०४ मध्यें मिसर देशांत वारला. त्यानें तर स्पष्टच लिहून ठेवलें आहे कीं, जो सणाच्या दिवशीं दाराला कडी घालून आपल्याच बायकामुलांसह खातोपितो आणि दुःखीकष्टी लोकांना वाढीत नाहीं, त्याचा आनंद हा धर्माचा आनंद नव्हे, तो पोटाचा आनंद होय. जो स्वेच्छेनें सात दिवस मांडवांत बसतो, त्यानें नाइलाजानें जन्मभर तेथें बसणाऱ्याला ओळखावें, ही या सणाची दुसरी आणि अधिक कठीण शिकवण आहे.

आमचे शेजारी इ. स. १९७१ मध्यें इस्रायलला गेले. इ. स. १९४८ मध्यें तें राष्ट्र स्थापन झाल्यापासून बेने इस्रायल समाजांतले बहुसंख्य लोक हळूहळू तिकडेच गेले. तिकडे अद्याप मराठी बोलणारीं माणसें आहेत. जाण्याच्या दिवशीं बाबांनीं घराची किल्ली घेणाऱ्याच्या हातीं दिली, आणि अंगणांत जेथें दरवर्षीं बांबू रोवीत त्या जागीं उभे राहून ते लहान मुलासारखे रडले. इतक्या वर्षांचा सात-सात दिवसांचा अभ्यास असूनही रडले! लहानपणीं मला त्याचें नवल वाटलें. आतां वाटत नाहीं. घरावरची माया सोडा, असें तो सण कधीं सांगतच नव्हता. घर गेलें तरी माणूस उरतो, आणि माणसें बरोबर असलीं तर मांडव पुन्हां उभा राहतो, एवढेंच तो सांगत होता. त्या देशांतल्या जेरुसलेमसारख्या शहरांत आज उंच इमारतींच्या सज्जांमध्यें मांडव घालतात, आणि वरचा सज्जा आकाश झांकूं नये म्हणून कित्येक इमारतींचे सज्जे एकाखालीं एक न ठेवतां आडवे सरकवून बांधलेले असतात. जागेची टंचाई असलेल्या शहरांतही थोडें आकाश राखून ठेवतां येतें, हें त्यांनीं दाखविलें आहे.

आपणां सर्वांना कांहीं मांडव घालावयाचा नाहीं. तो सण त्यांचा आहे, आणि त्यांच्या इतिहासांतून आला आहे. त्याची नक्कल करण्यांत अर्थ नाहीं. परंतु नवी वस्तु घरांत आली, रंग दिला, सुख वाढलें, कीं त्याच दिवशीं एकदां बाहेर उभें राहून आपल्या घराकडे पाहावें, आणि आपल्यावांचून तें कसें दिसतें याचा विचार करावा, एवढें आपल्याला करतां येईल.

गेल्या पावसाळ्यांत मी स्वतः गांवीं गेलों आणि वहिनींना घेऊन आलों. झालेली गोष्ट मीं त्यांच्यापाशीं बोलून दाखविली; त्या म्हणाल्या, "मला कांहीं आठवत नाहीं." त्यांना सर्व आठवत होतें. घरीं आलों तेव्हां पाऊस होताच, आणि पाय दोघांचेही चिखलानें भरलेले होते. मीं दार उघडलें आणि म्हटलें, "वहिनी, या." त्या आंत आल्या.